मेंटेनर उल्का तायडे

उल्का तायडे हिनं सत्तावीस वर्षांत सरकारी कागदांवर हजारो माणसांची नावं टाइप केली. मंत्र्यांची, सचिवांची, निलंबित शिपायांची, मेलेल्या पेन्शनरांच्या विधवांची. स्वतःचं नाव तिनं टाइप केलं ते रजेच्या अर्जावर आणि एकदा बढतीच्या आदेशावर. तो आदेशही तिनंच टाइप केला होता, कारण त्या दिवशी सेक्शनला दुसरं कुणी नव्हतं. काम जिनं केलं तिचं नाव कामाखाली, असं मात्र कधीच झालं नाही. पूर्वी निदान पत्राच्या डाव्या कोपऱ्यात टायपिस्टची बारीक आद्याक्षरं असायची. कंप्युटर आले आणि तीही गेली.

तिला आयुष्याकडून फार काही नको होतं. एकदा तरी कुणीतरी चारचौघांत म्हणावं की हे उल्कानं केलंय, एवढंच. ही गोष्ट त्या एवढ्याशाचीच आहे.

ती मूळची अकोल्याची. अठ्ठ्याण्णव साली स्टाफ सिलेक्शनची परीक्षा देऊन दिल्लीला आली. टायपिंगच्या परीक्षेत यंत्राचा रोलर निसटला, तो एका हातानं धरून तिनं दुसऱ्या हातानं उतारा पुरा केला आणि पास झाली. नवरा विश्वास टपाल खात्यात, मुलगी रुचिता गुरुग्रामला सॉफ्टवेअर कंपनीत, घर गाझियाबादच्या वसुंधरा भागात तिसऱ्या मजल्यावर. रोज सकाळी ई-रिक्षानं वैशाली स्टेशन, तिथून मेट्रोनं बाराखंबा, आणि मग चालत कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या ऑफिसात. ऑफिस केंद्र सरकारचं. कुठलं ते सांगत नाही, सगळी सारखीच.

तिच्या सेक्शनचे अधिकारी अनुराग निमकर. वय अडतीस, मूळ पुण्याचे, बोलायला गोड. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटले की हात जोडून म्हणायचे, आपलीच माणसं. काम असलं की त्यांची हाक "उल्काताई" अशी यायची आणि ऑफिस चालवणाऱ्या निदेशक मॅडमसमोर ती "मिसेस तायडे" व्हायची. काम काय करायचे ते मात्र विचारू नका. उंटावरून शेळ्या हाकण्याचं सरकारी प्रशिक्षण असेल तर त्यात ते पहिले आले असणार.

गेल्या वर्षी वरून आदेश आला, की सगळ्या कंप्युटरांवर आता विंडोज जाऊन लिनक्स. एका शनिवारी कंप्युटर सेलचे लोक येऊन मशीन बदलून गेले आणि सोमवारी उल्कानं जुनी फाइल उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची भाजी. कारण जुन्या हिंदी-मराठी फाइली जुन्या फॉन्टांत होत्या. त्या फॉन्टांत आतून इंग्रजी अक्षरंच असायची, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. नव्या मशीनवर मुखवटा गेला आणि 'सरकार' हा शब्द 'एल जे डी के जे' असा दिसायला लागला. वीस-पंचवीस वर्षांचं काम असं एका शनिवारात वाचता येईनासं झालं.

मीटिंग बसली. निमकर म्हणाले, "मैडम, रीटाइप करवा लेंगे." मॅडमनी मान डोलावली आणि मीटिंग उठली. चहा पाच मिनिटं चालला, निर्णय तेवढाही नाही. कुणाची बोटं, किती वर्षं, हे कुणी विचारलं नाही. उल्का भिंतीलगतच्या खुर्चीत इतिवृत्त लिहायला बसली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या फाइली तिनं एकदा टाइप केल्या होत्या. काही आजारपणात, काही रुचिता पोटात असताना. दुसऱ्याच्या बोटांवर उदार व्हायला यांच्या बापाचं काय जात होतं?

आता दुसरी एखादी कुरकुरत टाइप करायला बसली असती. उल्कानं वेगळं केलं. लॉकडाऊनमध्ये घरी बसून कंटाळा आला तेव्हा तिनं रुचिताच्या कॉलेजच्या जुन्या पुस्तकावरून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली होती. प्रोग्रॅम आधी वहीत पेननं लिहायची, मग टाइप करायची, कारण कच्चा मसुदा हातानंच लिहायचा असतो अशी तिची सवय. रुचिता हसायची. पण जुन्या फॉन्टाचं नव्या लिपीत रूपांतर करणारा प्रोग्रॅम लिहायला इंजिनियर उपयोगाचा नव्हता, टायपिस्टच लागत होता. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी मारायची आणि नव्या लिपीत ती नंतर साठवली जाते, रफार कुठे बसतो, अर्धा श कुठल्या बटणावर होता, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. तिच्या बोटांत होतं. दोन महिन्यांत रूपांतर चालायला लागलं. खिडकी साधी होती: फाइल निवडा, बदला, जतन करा.

खरी कटकट पुढे होती. ऑफिसात प्रोग्रॅम नुसता नेऊन चालत नाही. मशीनवर इंटरनेट नाही, स्वतः काही बसवायची परवानगी नाही. कंप्युटर सेल फक्त रीतसर बांधलेलं पॅकेज घेणार, तेही एका पेनड्राइव्हवर, तेही अधिकाऱ्याच्या सहीच्या टिपणासह. म्हणजे भाजी शिजली होती, पण डबा, झाकण, दोरी, वर चिठ्ठी हे सगळं तिनंच करायचं.

त्यासाठी ती पहाटे पाचला उठायला लागली. रुचिताच्या नव्या लॅपटॉपवर हत्यारं जमवायची. प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत नेणारा कंपायलर बसवला तर तो म्हणे अमुक लायब्ररी, म्हणजे तयार सुट्या भागांची पेटी, हवी. ती आणली तर तिला तिची बहीण हवी. पॅकेज बांधणारं हत्यार बसवलं तर ते फोल्डरांची नावं पटेनात म्हणून रुसलं. मग तपासणीचं हत्यार चालवलं, त्यानं तर चुकांची अशी यादी काढली की ऑडिटवाले बरे. लग्नातल्या वरपक्षाचे इतके मानपान नसतात. उल्का पडद्याला शिव्या घालायची, अस्सल वऱ्हाडीत, आणि विश्वास चहा ठेवून हळूच बाल्कनीत जायचा.

रुचिताला विचारलं तर ती बुटाची नाडी बांधता बांधता म्हणायची, "आई, सगळं बंडल करून एकच फाइल कर ना यार, सिंपल आहे," आणि खाली कॅब येऊन उभी असायची. ज्याला येतं त्याला सगळं सिंपल असतं. उल्काला त्या शब्दाची चीड यायला लागली.

पण झालं. तीन आठवड्यांनी एक पॅकेज तयार झालं, एक फाइल, सोळा एमबी. उल्का ते पेनड्राइव्हवर घालून आणि टिपणावर निमकरांची सही घेऊन कंप्युटर सेलच्या भाटियाकडे गेली. त्यानं सुरू केलं आणि लाल अक्षरात उत्तर आलं की या मशीनवरची मूळ लायब्ररी जुनी आहे, चालणार नाही. भाटिया हसला. "मैडम, घर का खाना घर में ही अच्छा लगता है." बाजूचे दोघेही हसले.

तिनं विचारलं, ऑफिसच्या मशीनवर लिनक्सची कुठली आवृत्ती आहे? तो म्हणाला, सांगता येत नाही, सिक्युरिटी आहे. उल्का निघाली. जागेवर आली, स्वतःचं मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, आणि सुरू होताना पडद्यावर दोन सेकंद आवृत्तीची जी ओळ येते ती हातावर पेननं उतरवून घेतली. ही यांची सिक्युरिटी.

घरी जाऊन तिनं चूक शोधली. नव्या मशीनवर बांधलेलं जुन्या मशीनला पचत नाही. उलट मात्र चालतं, जुन्यावर बांधलेलं नव्याला पचतं. म्हणजे सगळ्यात जुनं मशीन असेल तिथे चूल मांडायची. रुचिता शाळेत असताना ज्यावर गेम खेळायची तो डबडा डेस्कटॉप पलंगाखाली होता. तो काढला, पुसला, त्यावर ऑफिसची तीच जुनी आवृत्ती चढवली आणि सगळी हत्यारं पहिल्यापासून पुन्हा जमवली. पुन्हा त्याच मावश्या, त्याच आत्या. पंखा ट्रकसारखा आवाज करायचा. नऊ दिवसांनी पॅकेज बांधलं गेलं.

आता इथे जे झालं ते नीट ऐका, कारण सगळं रामायण त्यापायी घडलं. पॅकेज बांधताना एक छोटी फाइल लिहावी लागते. त्यात नाव काय, आवृत्ती कुठली, कशाकशावर अवलंबून आहे, आणि मेंटेनर कोण हे लिहायचं. मेंटेनर म्हणजे ज्यानं केलं आणि जो पुढे सांभाळणार तो. तिथे नाव लिहायचं आणि ईमेल. उल्काची बोटं त्या ओळीवर आली आणि एक क्षणही न थांबता त्यांनी टाइप केलं: अनुभाग अधिकारी (भाषा). म्हणजे निमकरांचं पद. पुढे सेक्शनचा ईमेल, जो निमकरांकडे उघडतो.

तिनं विचार केलाच नव्हता. सत्तावीस वर्षं प्रत्येक कागदाच्या खाली बोटांनी हेच लिहिलं होतं. मसुदा तुमचा, मेहनत तुमची, चुका तुमच्या, आणि खाली 'भवदीय' साहेब. प्रोग्रॅममध्ये 'माहिती' नावाची एक खिडकी होती, तिनं तीही याच ओळीवरून भरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पॅकेज या वेळी भाटियाच्या मशीनवर पहिल्या झटक्यात बसलं. 'एल जे डी के जे' गेलं, 'सरकार' परत आलं. भाटिया हसला नाही, दुसरी फाइल आणा म्हणाला, मग तिसरी. महिन्याभरात चार कपाटांतल्या जुन्या फाइलींच्या सगळ्या सीड्या वाचता यायला लागल्या. निमकरांनी मॅडमना नेऊन दाखवलं. उल्काला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल. तिनं त्या आठवड्यात दोनदा चांगली साडी नेसली.

सप्टेंबरात हिंदी पखवाडा, म्हणजे सरकारी हिंदी पंधरवडा, आला. निबंध, वक्तृत्व, आणि शेवटच्या दिवशी बक्षिसं. प्रमाणपत्रं टाइप करायचं काम दरवर्षी उल्काकडेच. मॅडमच्या पीएनं यादी पाठवली, ती खाली खाली टाइप करत गेली आणि सातव्या नावावर आली. नवोन्मेष पुरस्कार, जुन्या फाइलींच्या रूपांतराचं सॉफ्टवेअर विकसित केल्याबद्दल, श्री अनुराग निमकर, अनुभाग अधिकारी.

तिनं ते प्रमाणपत्र टाइप केलं. एकही चूक न करता, मध्यभागी, ठळक अक्षरांत. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ उभी राहिली. रडू आलं नाही. राग इतका होता की रडायला जागा नव्हती.

ती निमकरांच्या केबिनमध्ये गेली. दार लावलं आणि विचारलं. ते खरंच गोंधळले, हे तिला मान्य करावं लागलं. म्हणाले, मॅडमनी प्रोग्रॅम उघडून बघितला, त्यात माझं पद होतं, त्यांनी नाव कळवलं, मी काय करणार? आता यादी वर गेली, बदलायची म्हणजे किती अवघड. आणि मग ते वाक्य बोलले, जे ती अजून विसरलेली नाही.

"पण उल्काताई, तिथे माझं पद तुम्हीच टाकलंत ना? मी कुठे मागितलं होतं?"

खरं होतं. म्हणूनच जास्त लागलं. माणूस चोरीवर चिडू शकतो. इथे घराचं दार तिनंच उघडं ठेवलं होतं आणि नागोबा आयत्या बिळात जाऊन बसला होता, शाल पांघरून. कार्यक्रमात शाल मिळालीच. वर ते माइकवर म्हणाले, "यह तो पूरी टीम का काम है." टीम तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

घरी विश्वास म्हणाला, जाऊ दे. तो सगळ्यालाच जाऊ दे म्हणतो, पाण्याचा टँकर आला नाही तरी आणि भाऊबंदांनी शेत ढापलं तरी. त्या दिवशी उल्कानं पोळपाट आपटला आणि म्हणाली की हा शब्द या घरात पुन्हा काढायचा नाही. रुचितानं विचारलं, "आई, बट तू स्वतः का नाही लिहिलंस?" मग ती रुचितावरही चिडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं डबडा डेस्कटॉप सुरू केला आणि ती एक ओळ खोडली. तिथे लिहिलं: उल्का तायडे. पुढे स्वतःचा ईमेल. एवढी दोन शब्दांची गोष्ट, पण बोटं अडखळली. नवी आवृत्ती बांधली. हातासरशी अजून एक चूक दुरुस्त केली: हिंदी मजकुरात मधेच इंग्रजी नाव आलं की प्रोग्रॅम त्याचीही देवनागरीत भाजी करायचा, तिनं ती ओळखायची सोय केली. पॅकेज पेनड्राइव्हवर घातलं आणि पेनड्राइव्ह डब्याच्या पिशवीत टाकला. दिला कुणालाच नाही. रोज पोळीभाजीबरोबर तो ऑफिसात जायचा आणि परत यायचा. कुणी मागेल तेव्हा देईन, आणि कसा द्यायचा ते मी ठरवीन, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

डिसेंबरात संसदेचं अधिवेशन लागलं. कामगारांच्या पाळणाघरांवर प्रश्न आला. उत्तराला दोन हजार सहा सालची एक फाइल हवी होती, आणि त्या फाइलीत जागोजागी इंग्रजीत संस्थांची नावं होती. रूपांतर केलं तर प्रत्येक नावाचा कचरा. कंप्युटर सेलनं नियमाप्रमाणे मेंटेनरला ईमेल पाठवला. मेंटेनर म्हणजे निमकर. एक ईमेल, दुसरा, मग मॅडमचा फोन: मिस्टर निमकर, आपका सॉफ्टवेयर है, चार बजे तक ठीक कीजिए.

अकरा वाजता निमकर स्वतः उल्काच्या टेबलाशी आले. अडला हरी गाढवाचे पाय धरी. या म्हणीत आपण कोण ठरतो हे तिच्या लक्षात आलं, पण तिला ते चाललं.

"उल्काताई, जरा बघता का? दहा मिनिटांचं काम असेल तुम्हाला."

उल्कानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. सेक्शनमधले सहाही जण ऐकत होते, आणि ती मुद्दाम मराठी सोडून हिंदीत बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून.

"सर, मेंटेनर आप हैं. मेंटेनर का मतलब, जिसने बनाया और जो ठीक करेगा. आप ठीक कर लीजिए."

निमकरांचा चेहरा पडला. मग आवाज खाली आणून मराठीत म्हणाले की मला यातलं काही येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ती म्हणाली, मला माहीत आहे, इतरांना नाही. मग तिनं डब्याच्या पिशवीतून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. दुरुस्त आवृत्ती यात आहे, म्हणाली, सप्टेंबरपासून आहे. पण सेल टिपणाशिवाय घेत नाही. टिपणात लिहा की हे सॉफ्टवेअर कुणी केलं, मेंटेनर कोण, आणि आधीच्या आवृत्तीत चुकीचं पद गेलं होतं. प्रत निदेशक मॅडमना.

निमकरांनी भिंतीकडे बघितलं. घड्याळात सव्वाअकरा. शेवटी म्हणाले, ठीक आहे, तुम्ही टाइप करा, मी सही करतो.

"नाही सर," उल्का म्हणाली. "हे तुम्ही टाइप करा."

ती उठली आणि आपली खुर्ची त्यांना दिली. निमकर बसले. त्यांना देवनागरी टाइप करायला येत नव्हतं, गरजच पडली नव्हती कधी. एका बोटानं ते बटणं शोधायला लागले. सेक्शनचे सगळे आपापल्या पडद्यांत डोकी घालून बसले होते आणि कुणाचंही काम चाललं नव्हतं. मिनिटाला साठ शब्द टाइप करणारी बाई खुर्चीमागे हाताची घडी घालून उभी राहिली. तिनं एकही अक्षर सांगितलं नाही. चुकलं तर बोट दाखवलं नाही. त्यांनी खोडलं, पुन्हा शोधलं, पुन्हा मारलं. "उक्त सॉफ्टवेयर" एवढ्याला सात मिनिटं गेली, "के विकास का संपूर्ण कार्य" याला अकरा. तिचा राग तेव्हाही उतरला नव्हता. उतरायचं काही कारणही नव्हतं.

मग ओळीच्या शेवटी त्यांचं बोट कीबोर्डवर फिरत राहिलं, थांबलं, आणि एक एक करून अक्षरं पडद्यावर येऊ लागली. आधी 'श्रीमती'. मग 'उल्का'. मग 'तायडे'. सत्तावीस वर्षांत तिचं नाव पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी टाइप केलं होतं.

"बरोबर आहे?" निमकरांनी मागे न बघता विचारलं.

उल्कानं चष्मा लावून सगळं टिपण शांतपणे वाचलं. "ठळक करा," ती म्हणाली.